स्मारकाच्या उजवीकडे

"अहो, आमचे हे आहेत ना!" असं आमची ही म्हणाली, तेव्हा मी जेवणाच्या टेबलाखाली पडलेला रुमाल शोधत होतो. रुमाल खरोखर पडला होता का, हे आज खात्रीने सांगता येणार नाही. चारचौघांत माझा विषय निघणार असं वाटलं की माझा रुमाल पडतो.

झालं होतं असं की बोटीवरच्या सहली ठरवणारी मुलगी टेबलाटेबलापाशी जाऊन दिलगिरी व्यक्त करत होती. उद्या ज्या बंदरात आम्ही लागणार होतो, तिथे युद्धात हरवलेल्या सैनिकांचं एक स्मारक होतं. ते दाखवणाऱ्या स्थानिक गाइडचा घसा बसला होता. गाइड नाही तर सहल नाही, असा कंपनीचा नियम. बाकीच्यांनी "अरेरे" म्हटलं आणि पुन्हा जेवायला लागले. इतक्या दिवसांच्या प्रवासात एक स्मारक कमी झालं म्हणून कुणाच्या पोटात दुखत नाही. पण आमच्या टेबलावरच्या काकूंनी चमचा खाली ठेवला.

काकू आमच्या कोणी नव्हेत. ऐंशी ओलांडलेल्या, एकट्या प्रवास करणाऱ्या, म्हणून सगळ्यांच्याच काकू. बोट किती सुंदर सुंदर बंदरांना लागली, पण त्या कुठे म्हणून उतरल्या नाहीत. "मला एकाच ठिकाणी उतरायचंय," म्हणायच्या. त्यांचे वडील युद्धावर गेले तेव्हा काकू आईच्या पोटात होत्या. वडिलांची तुकडी त्या किनाऱ्यावर उतरली आणि पुढे तिचा पत्ताच लागला नाही. ज्यांचा पत्ता लागला नाही अशांसाठीच ते स्मारक होतं. वडिलांशी दोन शब्द बोलावेत, एवढ्यासाठी या बाईंनी अर्ध्या जगाचा प्रवास पत्करला होता.

"म्हणजे उद्या जायचं नाही?" काकूंनी विचारलं. आवाज अगदी साधा होता. तो ऐकूनच बहुधा आमच्या हिने ते वाक्य टाकलं. वर म्हणाली, "यांनी त्या युद्धावर पुस्तक वाचलंय."

हे खरं होतं. मी एक पुस्तक वाचलं होतं. निघण्यापूर्वी रद्दीच्या दुकानात घेतलेलं, कव्हर गळालेलं.

"तुम्ही आधी गाइडचं काम केलंय?" त्या मुलीने टेबलाखाली वाकून मला विचारलं.

"केलंय म्हणजे काय!" वरून आमच्या साडूंचा आवाज आला. "उभी हयात लायब्ररीत गेली त्यांची. सगळं तोंडपाठ."

माझी उभी हयात लायब्ररीत गेली, हेही खरंच. पण ती 'शांतता राखा' या पाटीखाली गेली. मी कॉलेजच्या लायब्ररीत पुस्तकांवर शिक्के मारत असे. निरोप समारंभात मला दोन शब्द बोलायला सांगितलं, तेव्हा मी "आभारी आहे" म्हणालो आणि ते नेमके दोन शब्द भरल्यामुळे खाली बसलो. लोकांना तो विनोद वाटला. साडू तेव्हापासून मला प्रोफेसर म्हणतात. ते स्वतः कारखान्यात मॅनेजर होते आणि निवृत्त झाले ही बातमी अजून त्यांच्यापर्यंत पोचलेली नाही.

मी टेबलाखालून वर आलो तेव्हा काकू माझ्याकडे बघत होत्या. अशा नजरेला नाही म्हणायला जे धैर्य लागतं ते माझ्यात नाही. लोक म्हणतात मी होकार दिला. मी फक्त नकार दिला नाही.

ती सगळी संध्याकाळ सल्ल्यांची गेली. बोटीवर माणसाला काही काम नसतं, त्यामुळे दुसऱ्याला काम लागलं की आनंदाला भरतं येतं. एक निवृत्त दातांचे डॉक्टर मला डेकच्या कठड्यापाशी घेऊन गेले आणि म्हणाले, "बोलताना तोंड पूर्ण उघडा. तुम्ही दात लपवता." शेजारच्या खोलीतल्या बाई म्हणाल्या, "थोडं रडवा हो लोकांना. युद्ध आहे म्हटल्यावर रडवायलाच हवं. नुसते आकडे नका सांगू." घरं बांधणारे एक कंत्राटदार होते, त्यांनी लोकांना उन्हात उभं करू नका असं बजावलं. आमची ही म्हणाली, "खाली बघून बोलू नका. बुटांना इतिहास सांगताय असं वाटतं."

सर्वात वाईट सल्ला साडूंचा होता, आणि माझ्या स्वभावानुसार मी नेमका तोच धरला. "प्रोफेसर, एक गोष्ट लक्षात ठेवा. पुढारी माणसाने 'मला माहीत नाही' असं कधी म्हणायचं नाही. आणि रस्ता तर विचारायचाच नाही. विचारला की गेली पत!"

खरं तर रस्ता न विचारण्याचा मला जन्मभराचा सराव आहे. अनोळखी माणसाला विचारण्यापेक्षा मी दोन गल्ल्या चुकीच्या चालून परत येतो. आजवर लोक याला भिडस्तपणा म्हणत होते. साडूंनी त्याला नेतृत्व म्हटलं. मला बरं वाटलं.

सकाळी मला एक केशरी जाकीट दिलं गेलं. ते एखाद्या धिप्पाड खलाशाच्या मापाचं असावं. माझ्या गुडघ्यांपर्यंत आलं. हातात एक काठी दिली, तिच्या टोकाला गोल पाटी. ती उंच धरायची म्हणजे माणसं मागून येतात, असं सांगितलं. मी ती धरली आणि खरोखरच बसभर माणसं माझ्या मागे आली. आयुष्यात पहिल्यांदाच कोणीतरी माझ्या मागे येत होतं. मला सारखं वळून बघावंसं वाटत होतं, की यांचा काही गैरसमज तर झाला नाही ना?

बंदराच्या फाटकावर पहिली ठेच लागली. काकूंच्या हातात पांढऱ्या फुलांचा गुच्छ होता, बोटीवरच्या जेवणघरातून मागून घेतलेला. फाटकावरच्या साहेबांनी त्याच्याकडे बोट केलं.

"फुलं आत नेता येणार नाहीत. बाहेरची आहेत. कीड येते."

साडू पुढे सरसावले. "अहो, ही फुलं सकाळी याच फाटकातून बोटीवर चढली! आम्ही वरून बघत होतो."

"चढली असतील. चढली तेव्हा इथली होती. उतरली तेव्हा बाहेरची झाली."

"एवढ्या वेळात?"

"बोटीवर वेळ किती काढला याचा प्रश्न नसतो."

"मग आम्हीही बाहेरचेच आहोत की," आमची ही म्हणाली. "आम्हाला कसं सोडताय?"

"तुम्हाला कीड नाही," साहेब म्हणाले. मग त्यांनी मला आणि माझ्या जाकिटाला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "असं गृहीत धरलंय."

गाइड या नात्याने मी काहीतरी बोलणं आवश्यक होतं. मी तोंड पूर्ण उघडलं. पण त्यातून काही बाहेर आलं नाही, साहेबांना फक्त दात दिसले. शेवटी गुच्छ त्यांच्या टेबलावर राहिला. फाटकाच्या बाहेर एक बाई अगदी तीच पांढरी फुलं विकत बसली होती आणि आम्ही दिसताच तिने गुच्छ बांधायलाही घेतला. काकूंनी तो विकत घेतला. "ही त्याची मेहुणी असणार," साडू म्हणाले, आणि हा सिद्धांत बसमध्ये सगळ्यांना पुन्हा सांगितला.

बस शहर सोडून टेकडीच्या पायथ्याशी आली. तिथे रस्त्याला दोन फाटे होते.

"स्मारक ना?" ड्रायव्हरने विचारलं. "डावीकडे घेऊ?"

मी पुस्तक उघडलं. पुस्तकात स्वच्छ छापलं होतं: टेकडी लागली की उजवीकडे वळावे. झाडीत दगडी बांधकाम दिसते. मी पुन्हा वाचलं. छापील शब्द आणि जिवंत माणूस यांत मतभेद झाला तर मी आजवर नेहमी छापील शब्दाच्या बाजूने उभा राहिलो आहे.

"उजवीकडे," मी म्हणालो.

ड्रायव्हरने आरशातून माझ्याकडे पाहिलं. "नक्की?"

माझ्या पाठीमागे बसभर माणसं कान देऊन ऐकत होती. साडू तर उभेच राहिले होते.

"नक्की," मी म्हणालो.

"बरं. सांगाल तिथे नेतो," असं म्हणून त्याने चाक फिरवलं.

आणि खरंच, झाडीत दगडी बांधकाम दिसलं! अर्धं जमिनीत गेलेलं, जाड भिंतींचं, एक लोखंडी दार, वर हिरवळ वाढलेली. फाटक उघडंच होतं. माझा माझ्यावरच विश्वास बसेना. पुस्तक खरं निघालं म्हणजे जणू मीच ते लिहिलं होतं, असा एक उत्साह माझ्यात संचारला. मी काठी उंच धरली, बुटांकडे न बघता वर पाहिलं आणि बोलायला लागलो.

मी कसा बोललो हे मला नीटसं आठवत नाही, पण अडखळलो नाही एवढं नक्की. रात्रीच्या अंधारात होड्यांतून उतरलेले जवान मी डोळ्यांसमोर उभे केले. भिंतीतून एक जाडजूड लोखंडी नळी बाहेर आली होती, तिची मी तोफ केली. दारावर रंग उडालेली एक पाटी होती, तिच्यावर कवटी, दोन हाडं आणि एक तुटक वीज. युद्धाचं सगळं भीषण स्वरूप कलावंताने किती थोड्या रेषांत पकडलंय पाहा, असं मी म्हणालो. दातांच्या डॉक्टरांनी कवटीचा फोटो घेतला. आतून सारखी घूं घूं अशी घरघर येत होती. हा आवाज थांबत नाही, मी म्हणालो, कारण ज्यांचा पत्ता लागला नाही त्यांची वाट बघणंही थांबत नाही. हे वाक्य पुस्तकात नव्हतं. ते माझं होतं. शेजारच्या खोलीतल्या बाईंनी पदराने डोळे टिपले.

मग मी सर्वांना दोन मिनिटं शांत उभं राहायची विनंती केली. या एका विषयात मी अनुभवी होतो. सगळ्यांनी माना खाली घातल्या. आणि त्याच क्षणी, कुणी ठरवून केल्यासारखी, आतली ती घरघर थांबली.

काय शांतता होती ती! पान हललं तर ऐकू आलं असतं. कंत्राटदारांच्या तोंडून हुंदका आला. माझ्याही अंगावर काटा आला.

एवढ्यात लोखंडी दार कुरकुरत उघडलं. आतून तेलकट कपड्यांतला एक माणूस डबा खायला बाहेर आला. त्याने समोर माना खाली घातलेली एवढी माणसं पाहिली, डबा हळूच खाली ठेवला, टोपी काढली आणि माझ्या शेजारी येऊन मान खाली घालून उभा राहिला. मौन संपल्यावर त्याने माझ्या कानाशी विचारलं, "कोण गेलं?"

"अं?"

"नाही, सकाळी तर साहेब फोनवर ओरडत होते माझ्यावर. साहेब गेले का?" त्याच्या आवाजात काळजी होती, पण थोडी आशाही होती.

"हे... हे स्मारक आहे ना?" मी कसंबसं विचारलं. जन्मात पहिल्यांदा मी अनोळखी माणसाला पत्ता विचारत होतो, आणि तोही पोचल्यावर.

"हे? हे पंपघर. गावाला पाणी जातं इथून. टाकी भरली, आत्ताच मोटर बंद झाली." मग माझं तोंड बघून त्याने हळूच टेकडीच्या दुसऱ्या अंगाला बोट केलं. झाडांच्या वरून एका पांढऱ्या खांबाचा शेंडा दिसत होता. "ते तिकडे आहे. डावीकडून जायचं."

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. पुस्तक लिहिणारा सैनिकांच्याच वाटेने, समुद्राकडून टेकडीला आला होता. आम्ही गावाकडून आलो होतो. त्याची उजवी ती आमची डावी.

खरं सांगतो, पहिला विचार मनात आला तो गप्प बसण्याचा. कुणाला काही कळलं नव्हतं. आमची ही हनुवटी वर करून उभी होती आणि शेजारच्या बाईंना सांगत होती, "घरात कधी बोलत नाहीत हो, पण विषय निघाला की बघा!" असं तिने माझ्याबद्दल कधी कुणाला सांगितल्याचं मला आठवत नाही. पंपवाल्याने माझी अवस्था ओळखली असावी. "मी नाही कुणाला सांगत," तो म्हणाला आणि डब्याकडे वळला. बसमध्ये बसायचं, बोटीवर जायचं, बस्स. साडूसुद्धा आज टाळ्या वाजवणार होते.

पण काकू लोखंडी दाराजवळच्या कट्ट्यावर बसल्या होत्या. पायरीवर त्यांचा गुच्छ ठेवलेला. मी जवळ गेलो.

"काही सुचत नाही हो," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "एवढ्या लांबून आले. 'बाबा' म्हटलं, आणि पुढे शब्दच नाही. ज्यांना कधी पाहिलंच नाही त्यांच्याशी बोलायचं काय? मलाच काही जमत नाही बघा."

एका विजेच्या मोटरीपुढे बसून ही बाई स्वतःला दोष देत होती. हे मात्र माझ्याने बघवेना.

"काकू," मी म्हणालो, "तुमचं काही चुकत नाहीये. इथे तुमचे बाबा नाहीत. इथे पंप आहे."

"कसला पंप?"

"पाण्याचा."

काकूंनी मान वर करून दाराकडे पाहिलं. "आणि ती कवटी?"

"विजेची. हात लावू नये म्हणून."

"आणि ती तोफ?"

मी बुटांकडे पाहिलं. काकूंचे ओठ थरथरायला लागले. मी रुमाल शोधू लागलो. या वेळी तो खरोखरच सापडेना. पण काकू एवढंच म्हणाल्या, "उठवा मला."

मग बाकीच्यांना सांगणं आलं. मी पायरीवर चढलो, काठी उंच धरली, आणि घडलं ते सांगून टाकलं.

"तरी म्हटलं, मोटरीसारखा आवाज कसा!" कंत्राटदार ओरडले. हुंदका त्यांचाच होता, याचा त्यांना विसर पडला होता.

"मग मी रडले त्याचं काय?" शेजारच्या खोलीतल्या बाईंनी रागाने विचारलं.

"ते... ते तिकडेही धरता येईल," मी म्हणालो.

साडूंच्या चेहऱ्यावर असा आनंद मी त्यांच्या मुलीच्या लग्नातही पाहिला नव्हता. "प्रोफेसर! पंप!" एवढंच ते पुन्हा पुन्हा म्हणत होते. त्यातच पंपवाल्याला राहवलं नाही. "आलाच आहात तर आतून बघून जा," असं त्याने आमंत्रण दिलं आणि निम्मी मंडळी आत गेलीसुद्धा. साडूंनी मोटरीला तेल कमी पडतंय असा शेरा मारून पंपवाल्याला सूचना द्यायला सुरुवात केली. काही वेळाने तोही त्यांना 'साहेब' म्हणायला लागला. त्यांना बाहेर काढायला शेवटी ड्रायव्हरला भोंगा वाजवावा लागला. बोट काही आमच्यासाठी थांबणार नव्हती. काकूंनी आपला गुच्छ उचलला, त्यातलं एक फूल काढून पंपवाल्याच्या डब्याशेजारी ठेवलं आणि बसमध्ये चढल्या.

बसमध्ये मी खिडकीकडे तोंड करून बसलो. आमची ही शेजारी येऊन बसली.

"मला कवटीपाशीच शंका आली होती," ती म्हणाली. "आपल्या इमारतीच्या मीटरच्या खोलीवर अशीच आहे."

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही पहिल्यांदाच इतकं छान बोलत होतात. म्हटलं, संपू दे."

मी जाकिटाची कॉलर वर केली आणि पुन्हा खिडकीकडे वळलो.

खरं स्मारक अगदी साधं होतं. एक पांढरा खांब, भोवती गवत, आणि खाली समुद्र. तोफ नव्हती, दार नव्हतं, एकही नाव कोरलेलं नव्हतं. मंडळी खांबाभोवती उभी राहिली आणि सवयीने माझ्याकडे बघू लागली. मी पुस्तक उघडलं.

"आता काही सांगू नका," काकू म्हणाल्या. "मघाशी सगळं सांगून झालंय."

मी पुस्तक मिटलं. काकूंनी खांबाच्या पायथ्याशी फुलं ठेवली, दगडाला हात टेकला आणि कितीतरी वेळ नुसत्याच उभ्या राहिल्या. आता यांना पुन्हा शब्द सुचले नाहीत तर काय, अशी मला धास्ती वाटायला लागली. एवढा प्रवास, एवढी वर्षं, आणि हातात उरलेला हा एवढाच वेळ. बसचा ड्रायव्हर घड्याळाकडे बघत होता.

मग काकूंचे खांदे हलले. त्या रडताहेत असं वाटून आमची ही पुढे झाली, आणि थबकली. काकू हसत होत्या.

"बाबा," त्या दगडाला म्हणाल्या, "मला यायला उशीर झाला. सांगू का, का झाला? यांनी मला आधी पंपावर नेलं."

आणि मग जे सुरू झालं ते थांबेचना. फाटकावरची फुलं त्यांनी सांगितली, फाटकावरच्या साहेबाच्या मेहुणीसकट. माझं जाकीट सांगितलं, ते त्यांनी घोट्यांपर्यंत नेलं. पंपवाल्याचा 'कोण गेलं?' सांगितला. तो त्यांच्या कानावर कसा गेला कोण जाणे, पण त्यांनी तो माझ्यापेक्षा चांगला केला. सभ्यपणा म्हणून मागे सरकलेली मंडळी हळूहळू पुढे सरकली. शेजारच्या खोलीतल्या बाई डोळे पुसत होत्या, आणि या वेळी हसून. साडू मध्येच एखादा तपशील पुरवत होते. मुलगी शाळेतून घरी यावी आणि दप्तर खाली ठेवायच्या आधीच बापाला दिवसभराचं सगळं सांगत सुटावी, तसं काकू बोलत होत्या.

"आणि मग ती पाण्याची नळी दाखवून हे म्हणतात कसे, ही तोफ!"

सगळे हसले. आमची ही सर्वात मोठ्याने. मला मध्ये पडून सांगायचं होतं की मी नुसतं 'तोफ' म्हणालो नव्हतो, 'बहुधा तोफ' म्हणालो होतो. पण बापलेकीचं बोलणं चाललं होतं. मी गप्प राहिलो.